पद्मिनीची मागची काच

नव्या गाडीची काच फुटली की मालक विमा कंपनीला फोन लावतो. जुन्या गाडीची फुटली की गाव मालकाला फोन लावतं. चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ‘गुरुजींच्या फियाटची काच गेली म्हनं’ ही बातमी बसस्टँडासमोरच्या टपरीवर गुरुजींच्या आधी पोचते. गुरुजी तिथं जाईपर्यंत काच कशानं फुटली यावर दोन तट पडलेले असतात. एक तट टिप्परवाल्याच्या विरोधात, दुसरा माकडांच्या. गाडी तीन दिवस घरातून हललेली नव्हती, हे गुरुजींचं म्हणणं दोन्ही तट ऐकून घेत नाहीत.

चाकूर लातूर–नांदेड रस्त्यावर, लातूरहून पस्तीसेक किलोमीटरवर. लोकसभेचे अध्यक्ष राहिलेल्या शिवराज पाटलांनी गावाचं नाव आपल्या नावाला जोडलं आणि ते दिल्लीपर्यंत पोचवलं. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 361 झाला आहे. त्यानं माणसांची सोय झाली, काचांची झाली नाही. खडीचा टिप्पर ताडपत्री न टाकता पळतो, मागचा गाडीवाला ‘ह्याला ओलांडू’ म्हणून जवळ सरकतो, आणि वाटाण्याएवढा खडा त्याच्या आधी हद्द ओलांडून काचेवर येतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागं जाणाऱ्यानं बॉनेटवर ऊस पडला तर सोलून खावा, काचेवर पडला तर गप बसावं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा उभी ज्वारी आडवी झाली. त्यापुढं कुणाच्या गाडीची काच फुटली हे बोलायची सोय नव्हती.

पुढची काच अशी कामावर असताना जाते. मागची मात्र घरी बसल्या जागी जाते. पोरांचा रबरी चेंडू म्हणून सांगितलेला सीझन बॉल, लग्नाच्या मांडवाचा निसटलेला बांबू, शेजाऱ्याची मागं-मागं येणारी ट्रॉली. त्यामुळं पुढची फुटली तर मालक नशिबाला बोल लावतो आणि मागची फुटली तर शेजाऱ्याला. दोघांकडूनही भरपाई मिळत नाही.

आता ही गाडी कोणती? जीप असती तर हा लेख लिहावा लागला नसता. जुन्या जीपची पुढची काच सपाट. लातूरला काचेच्या दुकानात माप दिलं की लॅमिनेटेड काच कापून मिळते, दुपारी बसवून संध्याकाळी शेतात जाता येतं. मागची काच जीपला नसतेच. तिथं ताडपत्री असते आणि ताडपत्रीला सुई-दोरा पुरतो. ॲम्बेसिडर असती तरी निभावलं असतं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं 1957 पासून 2014 पर्यंत तीच अंगकाठी जवळजवळ तशीच ठेवली. नाकडोळे बदलले, डोकं तेच. सत्तावन्न वर्षांत कुठं ना कुठं काच शिल्लक राहतेच. त्यामुळं ॲम्बेसिडरवाला पद्मिनीवाल्याकडं असा बघतो, जसं नळ असलेल्या घरानं आड असलेल्या घराकडं बघावं.

तर गाडी पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला उभा राहिला, आणि पुढं तिथून इटलीच्या फियाटच्या आराखड्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीतली गोल पाठीची फियाट आली तेव्हा महाराष्ट्रानं तिचं नाव एका दृष्टिक्षेपात ठेवून टाकलं, डुक्कर फियाट. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बारा हजारांची फियाट घ्यायला पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं, ते त्याच काळात. आज त्याच बारा हजारांत काच, रबर, मजुरी आणि बघ्यांचा चहा एवढं बसलं तर मालकानं देवाला नारळ फोडावा. डिलाइटच पुढं प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. नाव चितोडच्या राणीवरून. त्या पद्मिनीचं दर्शन अल्लाउद्दीनाला आरशातून झालं अशी आख्यायिका आहे. चाकूरच्या पद्मिनीचं घोडंही काचेपाशीच अडलेलं.

गॅरेजात गाडी ढकलत नेली जाते. काच फुटल्यानं इंजिन बंद पडायचं काही कारण नसतं, पण पद्मिनीला कारण लागत नाही. उस्ताद पुढून बघतात, मागून बघतात, उरलेल्या रबरावर नख मारून बघतात. मग निकाल देतात, “सामने का हो जाता गुरुजी, फिकर नक्को. पीछे का देखना पडता.” मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांचं निदान बहुतेक वेळा दखनीतच होतं, आणि बिल मराठीत.

पुढचं का होतं आणि मागचं का अडतं, हे समजावायला लातूर पॅटर्न कामाला येतो. या जिल्ह्यात कोणत्याही गर्दीत हात घातला तर नीटची तयारी करणारं एक पोरगं हाताला लागतंच. ते दप्तर सावरत पुढं येतं आणि न विचारता सांगू लागतं. मागची काच कडक केलेली असते, टफन्ड. ती सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि गार हवेच्या झोतानं झटकन निववायची. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला ओढून धरतो. म्हणून पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण. त्यामुळं ती साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट होते. पण कडेला एक टोला बसला की पोटातला ताण सुटतो आणि सगळी काच एका क्षणात खडीसाखर होते. आणि मुख्य म्हणजे तयार झाल्यावर ती कापता येत नाही.

“त्ये आमाला ठावं हाय,” उस्तादांचा हेल्पर म्हणतो. “मागल्या साली कापाय गेलतो.”

पुढच्या काचेची गोष्ट वेगळी. 1903 मध्ये एदुआर बेनेदिक्तस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचं भांडं फळीवरून पडलं. तडकलं, पण विखुरलं नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा द्राव वाळून पातळ पापुद्रा धरला होता, त्यानं तुकडे धरून ठेवले. त्यातून लॅमिनेटेड काच निघाली: दोन काचा, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. चाकूरमध्ये एखादं भांडं पडून फुटलं नाही तर आई म्हणते, नशीब. फ्रान्समध्ये त्याचं पेटंट निघालं. आपल्याकडं मोटार वाहन नियमांत 1993 च्या दुरुस्तीनं तीन वर्षांची मुदत देऊन नव्या गाड्यांना पुढं लॅमिनेटेड काच सक्तीची केली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना पुढंही टफन्डच असायची. जुने ड्रायव्हर त्याचे किस्से अजून सांगतात: खडा लागायचा, समोरची सगळी काच एकदम पांढरीफटक व्हायची, रस्ता, ट्रक, बैल, काही दिसायचं नाही. मग ड्रायव्हर रुमाल गुंडाळलेल्या मुठीनं काचेला भोक पाडायचा आणि त्यातून बघत गाडी कडेला घ्यायचा. किस्सा सांगताना ट्रकचा वेग दर वर्षी थोडा वाढतो, पण मुठीची गोष्ट खरी आहे.

तेव्हा पुढची लॅमिनेटेड काच जुन्या गाडीसाठीही करून घेता येते. बस-ट्रकच्या काचा करणारे कारागीर नमुना बघून करून देतात. मागच्या टफन्ड काचेला मात्र साचा हवा, भट्टी हवी, आणि एका गुरुजींच्या एका काचेसाठी भट्टी पेटवणारा कारखानदार अजून जन्माला यायचा आहे. ॲक्रिलिकचा पत्रा वाकवून लावणारे आहेत. पहिल्या महिन्यात तो छान दिसतो, मग धुळीच्या फडक्यानं त्यावर रेघा उठतात आणि उन्हानं तो पिवळा पडत जातो. दोन वर्षांनी मागून येणारी एसटी कावीळ झालेली दिसते.

मग शोध सुरू होतो. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आहे. म्हणजे पद्मिनी जिथं जन्मली तिथंच तिचे अवयव मिळायचे. पण मराठवाड्याची मान आधी हैदराबादकडं वळते. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, आणि राज्य गेलं तरी सिकंदराबादच्या राणीगंजात सुटे भाग शोधायची सवय गेली नाही. फोनवरचं संभाषण ठरलेलं असतं. मॉडेल कोणतं? पद्मिनी. साल? गुरुजी आरसीबुक काढतात. फोटो पाठवा. गुरुजी गाडीचा फोटो पाठवतात, ज्यात गाडी कोपऱ्यात आणि नातू मधोमध. माप पाठवा. हेल्पर पुठ्ठा कापून माप घेतो. लांबी-रुंदी येते, पण काचेची गोलाई पुठ्ठ्यावर येत नाही. समोरचा मग आत्मविश्वासानं दुसऱ्याच मॉडेलची, 118 एनईची काच दाखवतो आणि म्हणतो, “थोडा घिसके बैठ जाती.” टफन्ड काच घासून बसवा म्हणणाऱ्याचा फोन उस्ताद तिथंच बंद करतात.

खरा साठा मुंबईच्या टॅक्स्यांत होता. काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे मागच्या काचांची चालती वखार. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, लोकांनी गाडीबरोबर फोटो काढले, डोळे पुसले. जाताना मागच्या काचा कुणी उतरवून ठेवल्या का, हे विचारायचं मात्र त्या भावनेच्या भरात राहून गेलं. विचारणारे होते ते फक्त गॅरेजवाले.

मिळाली समजा. आता ती आणायची कशी? हैदराबादहून विकाराबाद, बिदर, उदगीर करत येणारी रेल्वे ‘लातूर रोड’ला थांबते. लातूर रोड जंक्शन लातूरला नाही; ते चाकूर तालुक्यात आहे. नवखा माणूस लातूरला जायचं म्हणून तिथं उतरतो आणि चाकूरच्या जवळ पोचतो. काच मात्र बरोबर ठिकाणी येते. दोन गोधड्यांत गुंडाळून, उभी धरून, एका माणसाच्या दोन गुडघ्यांत. एसटीनं आणली तर कंडक्टर तिच्याकडं बघून विचारतो, हिचं काय? काच स्त्रीलिंगी असली तरी 2023 मध्ये सुरू झालेल्या अर्ध्या तिकिटाच्या सवलतीत ती बसत नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलेलं बरं. गर्दीत सगळ्यांना तिच्यावर हात टेकायचा असतो. “आवं, काच हाय, काच!” असं दर थांब्यावर ओरडत माणूस चाकूरला उतरतो तेव्हा काच शाबूत आणि आवाज बसलेला असतो.

इतकं झाल्यावर लोकांना वाटतं, आता राहिलं काय? उस्तादांच्या मते आता काम सुरू होतं. कारण जुन्या गाडीच्या काचेत सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट काच. जुनं रबर ब्लेडनं कापून काढलं की खाली चौकटीचा पत्रा दिसतो, किंवा दिसायला हवा तिथं दिसत नाही. रबर उन्हानं टणक झालेलं, त्याच्या फटीतून वीस पावसाळ्यांचं पाणी आत उतरलेलं, आणि पत्रा बिस्किटासारखा नव्हे, बिस्किटापेक्षा मऊ. पेचकस टेकवला की आरपार. डेंटर येतो, सडका भाग कापतो, नवी पट्टी झाळतो, लांबी लावतो, घासतो, प्रायमर मारतो. दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं, कारण दरम्यान तिथी असते आणि डेंटरच्या घरचं लग्न असतं. गुरुजी म्हणतात, पत्रा केला ना, मग रबर जुनंच चालवू. उस्ताद हात जोडतात. एवढी महाग काच आणून रबरात पैसे वाचवणारे मालक त्यांनी पुष्कळ पाहिलेत, आणि ते सगळे जूनमध्ये परत येतात.

बसवायचा दिवस. नवं रबर सकाळपासून पत्र्याच्या शेडवर उन्हात टाकलेलं; मराठवाड्याचा मे महिना एवढ्या एका कामाला उपयोगी पडतो, रबर मऊसूत होतं. काच पोत्यावर ठेवून रबर तिच्या कडेनं चढवतात. आता रबराला बाहेरच्या अंगानं दुसरी खाच असते, ती गाडीच्या पत्र्यावर बसायची. त्या खाचेत इजारीच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी नायलॉनची दोरी सगळीकडून घालतात, दोन्ही टोकं खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून बाहेर काढलेली. सुतळी वापरू नये. ती अर्ध्यात तुटते आणि मग सगळं उतरवून पहिल्यापासून. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी फासतात. हेल्पर आत मागच्या सीटवर गुडघ्यावर बसतो, दोरीची टोकं हातात. बाहेर दोघं काच चौकटीवर टेकवून धरतात.

“खींच.”

हेल्पर दोरी काचेच्या मधल्या बाजूकडं, सावकाश ओढतो. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून पलटून आत येतो, एक बोट, दोन बोटं. बाहेरून उस्ताद तळहातानं थापा देत दोरीच्या बरोबरीनं सरकतात. थाप मुठीनं नाही, कोपऱ्यावर नाही. सरळ भाग भराभर येतो. कोपऱ्यापाशी दोरी थबकते आणि बघ्यांचे सल्ले सुरू होतात. “उस्ताद, तिकडून हाना की.” “तेल लावा जराक.” “कामून घाई करलालाव, दमानं घ्या.” नीटवालं पोरगं सांगतं, कडेवर भार देऊ नका, ताण सुटेल. उस्ताद एकदाच मान वर करून बघतात. गर्दी एक पाऊल मागं सरते, कारण सगळ्यांना मनातून काच फुटलेलीही बघायची असते आणि फुटू नये असंही वाटत असतं. मग हलकासा ‘फट्’ असा आवाज येतो. काळजाचा ठोका चुकतो. रबर जागेवर बसलेलं असतं.

वर चकचकीत पट्टी बसवली की चाचणी: एक जण छपरावरून बादली ओततो, एक जण आत बसून थेंब शोधतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा साली काचेवर बादलीभर पाणी ओतणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. चाचणी पावसावर सोडावी लागते, आणि पाऊस आपल्या सवडीनं येतो.

काच बसली. आता ती किती दिवस काच राहते? मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. पण फिल्म गेली म्हणून काच मोकळी होत नाही. पुढं फास्टॅग, पीयूसी, देवाचा फोटो आणि मागच्या निवडणुकीतला उमेदवार. मागं तर विचारूच नये: आई-वडिलांचा आशीर्वाद, दोन्ही नातवांची नावं, कुलदैवत, आडनाव भालाकृती अक्षरांत आणि ‘शेतकरी’. लग्नात यावर थर्माकोलची नवरा-नवरीची नावं चिकटतात; वरात निघून जाते, डिंक राहतो. इतक्या खटपटीनं हैदराबादहून पारदर्शक वस्तू आणायची आणि चौथ्या दिवशी तिची भिंत करायची, हे बघून उस्ताद काही बोलत नाहीत. त्यांचं नाव आणि मोबाईल नंबरही त्याच काचेच्या कोपऱ्यात असतो.

हौशी मालकांसाठी सरकारनं जुलै 2021 मध्ये आणखी एक दार उघडलं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो; नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुढं नूतनीकरणाला 5,000. 1974 ची पद्मिनी आता या वयात बसते. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती असल्याच कामांना रस्त्यावर यावी. रोजचा वापर नाही. गुरुजींना हे वाचून दाखवलं तर ते विचारतात, आठवडी बाजार रॅलीत बसतो का? बसत नाही. मग ते आहे त्या नोंदणीवरच समाधानी राहतात. मागची काच मूळ असल्याचा आनंद मात्र ते रोज, फास्टॅगचा पत्ता नसलेल्या गल्लीबोळांतून फिरवतात.

तेव्हा मराठवाड्यात कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, शेतातल्या पत्र्याखाली पद्मिनी उभी असेल आणि ती भंगारवाल्याला द्यायची ठरली असेल, तर इंजिनाचं आणि सीटांचं हवं ते करा. मागची काच तेवढी रबर कापून आधी उतरवून घ्या, पोत्यात गुंडाळा आणि जवळच्या गॅरेजात सांगून ठेवा. गिऱ्हाईक आपोआप दारात येईल. ठेवताना भिंतीला टेकवून उभी ठेवा, आडवी ठेवू नका. आडव्या काचेवर घरातलं कोणीतरी बसतंच.